महाराष्ट्राचं तिसरं अक्षर

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एक चिनी प्रवासी असायचा. चित्र ठरलेलं: पाठीवर पोथ्यांची उंच पडशी, हातात काठी आणि चेहऱ्यावर ‘पुढचं गाव अजून किती लांब?’ हा प्रश्न. नाव मात्र ठरलेलं नव्हतं. कुणाच्या पुस्तकात तो ह्युएनत्संग असे, थोरल्या भावाच्या जुन्या पुस्तकात युआन च्वांग, आणि गाइडात आणखी काही तिसराच. परीक्षेत यातलं काहीही लिहिलं तरी गुण मिळत, कारण पेपर तपासणाऱ्या बाईंनाही खात्री नसे. फ्रेंच आणि इंग्रज पंडितांनी आपापल्या कानांना जे ऐकू आलं ते रोमन लिपीत लिहिलं आणि आपण त्या स्पेलिंगवरून देवनागरी केलं. आजचा चिनी माणूस ते नाव साधारण ‘श्वेन-त्सांग’ असं उच्चारतो. म्हणजे आपण सगळेच नापास, पण एकत्र.

त्याच्या नावाचे आपण हे हाल केले. आता त्याने आपल्या नावाचं काय केलं ते ऐका.

हा गृहस्थ इ. स. ६४१ च्या सुमाराला महाराष्ट्रात आला. राजा होता चालुक्यांचा दुसरा पुलकेशी. स्वारी ६४५ मध्ये चीनला परतली आणि बादशहाच्या आज्ञेवरून पुढच्याच वर्षी प्रवासाचा वृत्तांत लिहून हातावेगळा केला. (सरकारी समितीचा अहवाल एका वर्षात पुरा, तोही बारा खंडांत. हे आपल्याकडे कुणी मुद्दाम शिकवत नाही.) त्याच्या अकराव्या खंडात महाराष्ट्र आहे. पुणं नाही. पुण्याचं नाव ताम्रपटात ‘पुण्यविषय’ म्हणून येतं ते ७५८ मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात, त्यामुळे पाहुण्याला शंभरेक वर्षं लवकर आल्याबद्दल माफ करता येईल. सगळे करतील असं नाही.

चिनी लिपीत आपल्यासारखी मुळाक्षरं नाहीत. ‘क’ला काना, मात्रा, वेलांटी देऊन हवा तो आवाज काढायची सोय नाही. प्रत्येक अक्षर म्हणजे एक आख्खा शब्द, त्याला स्वतःचा अर्थ आणि स्वतःचा इतिहास. परक्या मुलखातलं नाव लिहायचं झालं की आवाजाला जवळची अक्षरं शोधून ओळीनं उभी करायची आणि वाचणाऱ्यानं त्यांच्या अर्थाकडे दुर्लक्ष करायचं, असा तिथला शिरस्ता. ‘महाराष्ट्र’साठी श्वेन-त्सांगने चार अक्षरं वापरली. आजच्या चिनी उच्चारात ती होतात ‘मो-ह-ला-छा’.

अर्थाकडे दुर्लक्ष करण्याचा हा शिरस्ता चीनमध्ये दोन हजार वर्षं व्यवस्थित चालला. सदाशिव पेठेत तो पहिल्याच संध्याकाळी मोडला.

आमच्या सोसायटीत दोन तज्ज्ञ आहेत. एक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण नजर अजून नोकरीतच आहे. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी ते ऱ्हस्व-दीर्घ बघतात, आणि ‘आशिर्वाद’ दिसला तर जेवायला जातात पण आहेर देत नाहीत. दुसरी तज्ज्ञ पहिल्या मजल्यावरची मुलगी. हिंजवडीत नोकरी, आणि कंपनीचं काहीतरी शांघायशी असल्यामुळे शनिवार-रविवार चिनी शिकते. एरवी या दोघांचा संबंध लिफ्टपुरता. पण तिच्या हातातल्या वहीवर काकांची नजर पडली आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर बराच वेळ दार उघडं टाकून उभी राहिली.

“हे काय लिहिलंयस?”

“महाराष्ट्र, काका. श्वेन-त्सांगच्या पुस्तकात आहे तसं.”

“अर्थ?”

“अर्थ बघायचा नसतो. नुसता आवाज.”

“असं कसं? अक्षर आहे, त्याला अर्थ आहे, आणि बघायचा नाही? मग लिहिलं कशाला?”

तिने सांगितलं. पहिलं ‘मो’, अर्थ चोळणे, घासणे. दुसरं ‘ह’, अर्थ खेकसणे. ही जोडी बौद्ध ग्रंथांत ‘महा’साठी ठरूनच गेली आहे. महायान असो की महाकाश्यप, सुरुवात घासून आणि खेकसूनच होते. काकांनी मान डोलावली. त्यांच्या मते एवढ्यापर्यंत पाहुण्याचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं.

चौथं अक्षर ‘छा’. ते बनलंय दोन तुकड्यांचं. डावीकडे माणूस, उजवीकडे घर. आणि अर्थ? एका जुन्या वापरात फुशारकी, दुसऱ्यात खिन्नता. जपान्यांनी हेच अक्षर उचललं आणि ‘वाबी’ म्हणून त्याचं तत्त्वज्ञान केलं. आता ‘वाबी-साबी’ या नावानं इंटिरियरवाले ते आपल्याला चौरस फुटांच्या भावानं विकतात. माणसाशेजारी घर ठेवलं की आधी फुशारकी आणि मग खिन्नता येते, हे चिन्यांना गृहकर्जाचा शोध लागण्याआधीच कसं कळलं, हा प्रश्न त्या लिफ्टमध्ये उपस्थित असलेल्या प्रत्येक फ्लॅटधारकाच्या मनात आला असणार.

पण खरी गंमत तिसऱ्या अक्षरात आहे. ‘ला’.

हे अक्षर दुर्मिळ आहे. रोजच्या चिनी वाचनात ते फारसं भेटत नाही. मिंग काळाच्या इतिहासात ‘वा-ला’ नावाची एक मंगोल टोळी येते, त्यांनी १४४९ मध्ये चिनी बादशहालाच धरून नेलं होतं, तिथे ते दिसतं. आणि जुन्या ग्रंथांत परकी नावं लिहिताना. डावीकडे ‘मोळी’, उजवीकडे ‘सुरी’. एकूण रेघा नऊ. आणि त्याचा एक जुळा भाऊ आहे. त्याच्या रेघा आठ. तोंडवळा तोच, सुरी तीच. फरक एवढाच की आपल्या ‘ला’मध्ये डावीकडच्या तुकड्याच्या पोटात एक बंद चौकोन आहे, आणि भावाच्या चौकोनाला खालची रेघ नाही. त्या भावाचा उच्चार मात्र ‘ला’ नाही. तो ‘त्स’च्या जवळचा, आणि अर्थ काटा, टोचणे, भोसकणे.

साहजिकच चिनी विद्यार्थी ‘वा-ला’ला बिनधास्त ‘वा-त्स’ म्हणतात आणि मास्तरांच्या शिव्या खातात. आणि महाराष्ट्राचं नाव? छापील प्रतींत, संगणकावरच्या मजकुरात, ‘ला’च्या जागी काटेवाला भाऊ अनेकदा बसलेला सापडतो. दोष कुणाला द्यायचा? नक्कल करणाऱ्याच्या कुंचल्यातली शाई एका रेघेपुरती कमी पडली, की महाराष्ट्राच्या मध्यावर काटा उगवला.

काकांनी वही डोळ्यांजवळ नेली. चिनीचा त्यांना गंधही नाही. तरी दोन अक्षरं शेजारी शेजारी बघून त्यांनी दोन सेकंदांत तळाच्या रेघेवर नख ठेवलं. “इथे टाइप झिजलाय,” ते म्हणाले. तेराशे वर्षांचा घोळ त्यांनी लिफ्टमध्ये पकडला. भाषा यावी लागत नाही म्हणाले, रेघ दिसावी लागते.

“मग बरोबर अक्षराचा, चौकोनवाल्याचा, अर्थ काय?” त्यांनी विचारलं. त्यांना आशा असावी. काटा ही छपाईची चूक, म्हणजे मूळ शब्द गोड निघणार.

तिने मोबाइलवर कोश उघडला आणि जरा थांबली. “विरुद्ध जाणारा,” ती म्हणाली. “म्हणजे... आडमुठा. तिरसट.”

हा अर्थ काही आजचा नाही. इ. स. १०० च्या सुमाराला शू शेन नावाच्या पंडिताने चिनी अक्षरांचा जो मोठा कोश केला, त्यातही तो असाच आहे. फोडही तिथेच: नीट बांधून ठेवलेली मोळी, आणि तिला लावलेली सुरी. बाकीच्यांनी मिळून एकदाचं काही जमवत आणलं, गाठ मारली, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उठून “माझा एक मुद्दा आहे” म्हणालं, की झालं हे अक्षर. सोसायटीच्या वार्षिक सभेला ज्यांनी हजेरी लावली आहे त्यांना ते शिकवावं लागत नाही. म्हणजे बरोबर छापलं तर आडमुठा, चुकून छापलं तर काटा. शुद्धलेखन काहीही केलं तरी माणूस तोच.

सगळं ओळीनं लावून बघा. चोळणे, खेकसणे, आडमुठेपणा, फुशारकी. अर्थ बघायचे नसतात हे मान्य. पण एखाद्या पुणेकराची सकाळी साडेसहा ते साडेसातची दिनचर्या याहून कमी शब्दांत कुणी लिहून दाखवावी.

पुलकेशीच्या नावाचंही असंच. चार अक्षरं: ठिगळ लावणे, जाळी, तपासणी, घर. उत्तर भारतभर गाजलेल्या हर्षालाही जो आवरला नाही असं स्वतः श्वेन-त्सांग नोंदवतो, त्या सम्राटाच्या नावाचा अर्थ कुणीतरी बाल्कनीला बेकायदा ग्रिल बसवलंय असा निघतो.

आता यावर चिनी भाषेचा जाणकार डोक्याला हात लावेल. अक्षरं आवाजासाठी निवडलेली असतात हो! मान्य. आणि आवाज त्याने उत्तम पकडला होता, हे सांगायलाच हवं. त्या काळच्या चिनी भाषेत ‘र’ नव्हता म्हणून ‘ला’ घेतला. पण त्या वेळी या अक्षराच्या शेवटी ‘त्’ उच्चारला जाई, ‘लात्’. हाँगकाँगकडच्या कँटोनीजमध्ये तो ‘त्’ अजून शिल्लक आहे, उत्तरेत झडून गेला. म्हणजे श्वेन-त्सांगच्या तोंडी ते नाव ‘म्वा-हा-लात्-ठा’ याच्या आसपास होतं. त्याच्या कानावर पडलेलं प्राकृत ‘महारट्ठ’ मनात म्हणून बघा. साहेबाच्या ‘मऱ्हाटा’पेक्षा पाहुण्याचा कान कितीतरी तयारीचा.

मुळात उच्चाराच्या बाबतीत मराठी माणूस आणि चिनी माणूस यांचं उत्तम जमायला हवं होतं. मधे रोमन लिपी आली आणि घोळ झाला. चिनी भाषेत प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्याइतकाच ठसठशीत आहे. नाहीत ते ब, द, ग. आता १९५८ साली त्यांनी रोमन लिपीतली जी सरकारी पद्धत आणली तिच्यात ‘प’साठी ‘बी’ आणि ‘फ’साठी ‘पी’ ही अक्षरं घेतली. इंग्रजी वाचणाऱ्यांनी ती इंग्रजीसारखी वाचली, आणि आपण त्यांचं ऐकून ‘बीजिंग’ म्हणायला लागलो. त्या शहरात राहणारे म्हणतात ‘पेइ-चिंग’. देवनागरीत जसंच्या तसं लिहिता येतं, तरी आपण इंग्रजाच्या वळणानं जातो. बाराखडी घरची, आणि उच्चार उसना.

राहता राहिले सूर. एकच ‘मा’ चार सुरांत चार अर्थांचा, वगैरे ऐकून लोक घाबरतात. पुण्यात घाबरायचं कारण नाही. पुण्यातला कोणताही दुकानदार ‘बरं’ हा शब्द चारही सुरांत सफाईनं वापरतो. गिऱ्हाइकानं वस्तू मागितली: सपाट ‘बरं’, अजून उठलेला नाही. गिऱ्हाइकानं दुसरा रंग आहे का विचारलं: चढता ‘बरं?’, म्हणजे हा काय कमी आहे? भाव जास्त वाटतो म्हटलं: खाली बुडी मारून वर येणारा ‘ब-रंऽ’, हा सगळ्यात धोक्याचा. आणि नको म्हणून निघाल्यावर वरून खाली आपटलेला ‘बरं!’ महाराष्ट्राच्या तिसऱ्या अक्षराचा सूर हाच, चौथा, आपटलेला. निदान सुरात तरी कुणी काही बदललेलं नाही.

पुण्याचं चिनी नावही त्या मुलीनं लिहून दाखवलं. दोन अक्षरं. पहिलं म्हणजे नदीचा काठ. शांघायच्या त्या उंच इमारतींच्या ‘पूतोंग’चा पहिला ‘पू’ आणि आपल्या पुण्याचा पहिला ‘पू’ एकच अक्षर. दुसऱ्याचा अर्थ ‘तो’, ‘ते’. काठ, ते. आवाज मात्र खरा ‘पू’ नाही, ‘फू’ आहे. दोन्ही ओठ मिटून सोडायचा अस्सल फ, पंख्याच्या फॅनमधला नाही. ‘फू-ना’. म्हणजे तिथे अजून ‘पूना’च चालू आहे, सरकारने नाव बदललेलं कळवायचं राहून गेलंय. काकांना हे सहन झालं नाही. त्यांचा पारा उतरवायला तिने मुंबईचं नाव सांगितलं: ‘मङ-माय’, जुन्या ‘बॉम्बे’वरून. यातल्या ‘माय’चा अर्थ विकत घेणे. काका एकदम शांत झाले. “एवढं मात्र बरोबर आहे,” म्हणाले. नागपूरच्या नावात पुण्याची दोन्ही अक्षरं आली आहेत, फक्त उलट क्रमानं आणि मधे अंतर ठेवून, हे तिने सांगितलं नाही. तो वाद वेगळ्या दिवसासाठी ठेवलेला बरा.

आता श्वेन-त्सांगने आपल्याबद्दल लिहिलं काय? थोडक्यात असं: माणसं उंचपुरी, मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. मदत मागायला कुणी आलं तर स्वतःचं भान न ठेवता धावतात. शिकायची आवड. लढाईत हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात, आणि तो लाजेनं जीव देतो. लढाईआधी शेकडो योद्धे दारू पितात, आणि हत्तींनाही पाजतात. (विसर्जन मिरवणुकीत हत्ती आता नसतात. बाकी तपशिलात मी जात नाही.)

यातलं एक वाक्य मात्र पुण्यात उभं राहूनच समजतं. हे लोक सूड घ्यायला निघाले, तर शत्रूला आधी सूचना देतात, असं तो म्हणतो. मग दोघेही सज्ज होतात, आणि नंतर भाले चालतात. तेराशे वर्षांत भाले गेले, सूचना राहिली. ‘गेटसमोर वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ जगात इतरत्र माणसं चिडली की आधी चिडतात आणि मग बोलतात. इथे आधी पाटी रंगवून, दोन खिळ्यांनी ठोकून, वाचणाऱ्याला पुरेसा अवधी देऊन मग चिडलं जातं. लोक याला पुणेरी तिरसटपणा म्हणतात. ही चालुक्यकालीन युद्धनीती आहे आणि तिला परदेशी साक्षीदार आहे.

बरं, या शहराला चिनी कळत नव्हतं असंही नाही. फर्ग्युसन कॉलेजातले पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट चिनी शिकले ते बौद्ध ग्रंथांसाठी. ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा ग्रंथ मूळ भाषेत हरवलेला, शिल्लक होता तो चिनी भाषांतरात. बापटांनी ते चिनी भाषांतर ‘विसुद्धिमग्गा’शेजारी ठेवून दोन्हींची तुलना केली, आणि ते पुस्तक १९३७ मध्ये पुण्यातच निघालं. पुढे १९७० मध्ये अकिरा हिराकावा या जपानी पंडिताबरोबर त्यांनी आणखी एक चिनी ग्रंथ इंग्रजीत आणला, तो भांडारकर संस्थेनं छापला. बुद्धघोषाच्या ‘समंतपासादिके’चं हे चिनी रूप ४८९ सालचं. नाव ‘शान-चिएन-पि-पो-शा’. यातलं ‘पि-पो-शा’ म्हणजे आपली ‘विभाषा’, अक्षरांच्या तोंडून गाळून आलेली. एका संस्कृत शब्दाचा चीनमध्ये पि-पो-शा व्हावा, आणि पंधराशे वर्षांनी लॉ कॉलेज रस्त्यावर कुणीतरी त्याची विभाषा करून द्यावी. आणि हेच ते शहर, जिथे मंडईत लावलेली स्वतःची स्कूटर माणसाला सापडत नाही.

दुसरं दुर्मिळ अक्षर सोलापूरच्या वाट्याला आलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक; त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चिनी नाव घेताना पाचही जणांनी शेवटी एकच अक्षर लावलं, ‘ह्वा’, म्हणजे चीन. कोटणिसांच्या आडनावातला ‘को’ आणि ‘टी’सारखा आवाज ठेवला, ‘णीस’ वाटेत कुठेतरी राहिला, आणि झालं ‘ख-ती-ह्वा’. मधलं ‘ती’ हे अक्षर साध्या चिनी माणसाला चटकन वाचता येत नाही. चिनी शाळेतली युक्ती अशी की अनोळखी अक्षर दिसलं तर त्याचा अर्धा भाग वाचायचा आणि पुढे सरकायचं. या अक्षराच्या उजव्या अर्ध्याचा उच्चार ‘ली’. त्या हिशेबानं आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांचा ‘ख-ली’ होतो, आणि टीव्हीवरच्या कुस्तीतला एक भलताच धिप्पाड माणूस डोळ्यांसमोर येतो.

अक्षराचा अर्थ मात्र सुरेख आहे. डावीकडे झाड, हे एका फुलझाडाचं नाव. चीनच्या सगळ्यात जुन्या काव्यसंग्रहात या फुलांवरून भावाभावांच्या मायेचं गाणं आहे, तेव्हापासून पत्रात धाकट्या भावासाठी हे अक्षर लिहायची रीत पडली. कोटणिसांच्या बाबतीत अर्थाकडे दुर्लक्ष करायचा तो शिरस्ता चिन्यांनीही पाळला नसावा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, ते हपेइ प्रांतातल्या एका खेड्यात वारले. शिच्याच्वांगला त्यांची समाधी आहे. आपल्याकडे ते अजून शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटात आहेत.

दुर्मिळ अक्षरांची गोष्ट चालू आहे आणि खाण्याचं नाव निघालं नाही, असं होणार नाही. शिआनमध्ये रुंद पट्ट्यांच्या नूडल्सचा एक प्रकार आहे, ‘बियांग-बियांग’. कणीक ओट्यावर आपटली की होणारा तो आवाज, म्हणे. त्या ‘बियांग’साठी जे अक्षर लिहितात त्यात गुहा, बोलणं, घोडा, लांब, चंद्र, काळीज, सुरी आणि चालणं एवढं सगळं कोंबलेलं आहे. एका हिशेबानं ५८ रेघा. प्रमाण चिनी भाषेत असा उच्चारच नाही. संगणकाच्या युनिकोडमध्ये त्याला जागा मिळाली ती २०२० मध्ये. तोपर्यंत हॉटेलवाले हाताने लिहीत किंवा चित्र चिकटवत. आपल्या कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीला असली अडचण कधी आलीच नाही. तिथे ‘चायनिज’, ‘चायनीझ’, ‘शेझवान’, ‘सेजवान’ सगळं एकाच फळ्यावर सुखानं नांदतं, आणि चवीत काडीचा फरक पडत नाही. त्या शेजवानाचं मूळ नाव दोन अक्षरांचं: चार, नदी. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी. हा शोध आमच्या काकांचा. तेव्हापासून त्यांनी ती लाल चटणी स्थानिक म्हणून मान्य केली आहे.

एका रेघेनं असा अनर्थ होतो हे ऐकून आपण चिन्यांची कीव करायला जाऊ नये. आपल्याकडे टिंब आहे. ‘वाङ्मय’ या शब्दातला ‘ङ’ घ्या. शेजारचं टिंब गेलं की तो ‘ड’ होतो, आणि ‘वाड्मय’ हा नवा शब्द तयार होतो. तो पदवीच्या प्रबंधांवर आहे, मंडळांच्या फलकांवर आहे, सत्कारमूर्तींच्या शालीबरोबर दिलेल्या मानपत्रांवर आहे. एके काळी पुण्यात सगळे वाडेच होते, तेव्हा तो खपून गेला असता. आता वाडे पाडून झाले, शब्द उभा आहे. तरी ‘ङ’चं नशीब बरं म्हणायचं. ‘ऌ’ बिचारा एका ‘कॢप्ती’च्या जिवावर वर्णमालेत टिकून आहे, आणि ती कॢप्तीही अर्ध्या ठिकाणी ‘क्लुप्ती’ छापली जाते. दीर्घ ‘ॡ’ला तेवढाही आधार नाही. त्याच्या नावावर मराठीत एकही शब्द नाही. पेन्शनर म्हणून बसलाय.

काका या सगळ्यानं पेटले. टिंब आणि रेघ या बाबतीत त्यांना देश-परदेश हा भेद मान्य नाही. त्यांनी ठरवलं की ज्या चिनी प्रकाशकाच्या आवृत्तीत आठ रेघांचा काटा छापलाय, त्याला पत्र लिहायचं. मुलीनं चिनीत भाषांतर करून द्यायचं.

“पण काका,” ती म्हणाली, “काटा काढून तिथे काय येणार? आडमुठा. फायदा काय?”

“फायद्याचा प्रश्नच नाही. आडमुठे तर आडमुठे. पण नऊ रेघांचे आहोत, आठ का छापायच्या?”

मसुदा तयार झालाय, मी तो वाचलाय. वर उजवीकडे तारीख, खाली ‘सदाशिव पेठ, पुणे (पूना नव्हे)’. पहिला परिच्छेद चुकीचा: खंड, पान, ओळ, अक्षर. दुसरा मुदतीचा: पत्र मिळाल्यापासून पुढच्या आवृत्तीपर्यंत. तिसऱ्यात, दुरुस्ती न झाल्यास काय करण्यात येईल ते. तिथे मुलगी अडखळली, कारण चिनीत त्या क्रियापदाला साजेसं अक्षर शोधताना तिला पुन्हा तोच काटेवाला भाऊ सापडला. काकांनी तो परिच्छेद जरा सौम्य केला. शेवटची ओळ मात्र कुणालाही बदलू दिली नाही:

‘कळावे. लोभ दुरुस्तीनंतर.’